मोरीचं कोकरू आणि तरसखिंडीतली बाई

ऐका. सरका जरा, शेकोटीजवळ जागा करा. बाजी, त्या लाकडाला सारखं ढोसू नकोस, सगळा धूर माझ्या डोळ्यांत येतोय. मेंढरं बसली का? कुत्री सोडली का? ज्याला लघवीला जायचंय त्यानं आत्ताच जाऊन यावं. गोष्ट सुरू झाली की तुमच्यातला एकही एकटा अंधारात जायचा नाही, मग मला म्हातारीला सोबतीला उठवाल. मंजुळे, तू बस. ते कोकरू मांडीवर असू दे, पण दुधाची बाटली अजून बाजूलाच ठेव. का ते कळेल.

तर ऐका. ही गोष्ट धुरपाबाईची. धुरपाबाई म्हणजे माझी सासू, आम्ही सुना तिला आत्ती म्हणायचो. तुमच्यातल्या कुणी तिला पाहिली नाही. उंच, हडकुळी बाई, बोलायला तिखट, पण कोकरू हातात आलं की आवाज असा मऊ व्हायचा की आम्हां सुनांना हेवा वाटायचा. तिनं मला ही गोष्ट इथंच सांगितली, याच डोंगराच्या पायथ्याशी. समोर ती काळी धार दिसते ना, तिच्या मधोमध खाच आहे बघा. चांदणी अडकल्यासारखी दिसते तिथं. ती तरसखिंड.

धुरपा तेव्हा नवी नवरी. माहेरनं निघताना आईनं तिला आंदण म्हणून एक मेंढी दिली होती. काळ्या तोंडाची, अंगानं पांढरी. मोरी तिचं नाव. पुढच्या वर्षी आई गेली. भाऊ नाही, बहीण नाही, माहेरची मेंढरं चुलत्यांनी नेली. म्हणजे आईचं असं जगात काय उरलं? ती मोरी. रात्री झोप येईना तर धुरपा उठून मोरीच्या पाठीला पाठ लावून बसायची. मायाप्पा, म्हणजे माझे सासरे, चेष्टा करायचे, की माझ्याशी लग्न केलंस की मेंढीशी?

त्या साली मोरी उशिरा गाभण राहिली. सगळ्या मेंढ्या व्याल्या, त्यांची कोकरं उड्या मारायला लागली, तेव्हा कुठं मोरी व्याली. अडली होती बिचारी. कोकरू बाहेर आलं, मोरीनं त्याला एकदा चाटलं आणि मान टाकली. मादी कोकरू होतं. तोंड काळं, अंग पांढरं. आईचा शिक्काच.

आता आईवेगळ्या कोकराला आपण काय करतो? जिचं कोकरू मेलंय अशी मेंढी बघतो. मेलेल्या कोकराचं कातडं याच्या पाठीवर बांधतो. मेंढी हुंगते, तिला आपल्याच लेकराचा वास येतो, ती पाजते. पण त्या साली वाड्यात, म्हणजे आपल्या सगळ्या तळावर, एकही कोकरू मेलं नव्हतं. बिरोबाची कृपा म्हणावी तर तीच कृपा आड आली. ज्या मेंढीखाली लावावं ती हुंगायची आणि अशी धडक द्यायची की कोकरू लांब जाऊन पडायचं.

मग राहिली बाटली. खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली, तिला बाजारातनं आणलेलं रबरी बोंड, आत शेळीचं दूध. धुरपानं जन्मभर मेंढरं राखलेली, पण बाटलीनं पाजायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती. मग तिनं काय केलं? बायका तान्ह्या पोराला पाजतात तसं पाजलं. मांडीवर घेतलं, उताणं केलं, डोकं दंडावर टेकवलं. कोकराला ओढायचा जोर नव्हता, तिला दया आली, तर तापल्या सुईनं बोंडाचं भोक मोठं केलं. दूध कसं घळाघळा जायला लागलं. आणि ते ओरडलं की तिला वाटायचं भूक लागली. पुन्हा बाटली. पुन्हा ओरडलं, पुन्हा बाटली. माया हो. दुसरं काय म्हणायचं?

आणि एक दिवस संध्याकाळी त्याचं पोट फुगलं. डावी कूस टम्म झाली. बोटानं टिचकी मारली तर ढोलकीगत वाजायची. दात खाऊ लागलं. पाय झाडायचं, कण्हायचं. धुरपानं बाटली लावली तर दूध नाकातनं बाहेर आलं.

तिची सासू जवळ येऊन बघून गेली. म्हणाली, "पोरी, आता त्याला खाली ठेव. तरास नगं दिऊस."

"नागू आबा असतं तर जगलं असतं," धुरपा म्हणाली.

नागू आबा म्हणजे जुना मेंढका. मेंढरांच्या पोटाचं त्याला सगळं कळायचं. पण त्याचा वाडा उतरला होता डोंगराच्या पलीकडं. गाडीवाटेनं वळसा घालून जायचं तर आख्खा दिवस. खिंडीतनं गेलं तर रातोरात पोचता येतं. पण खिंडीतनं रात्री कुणी जात नव्हतं. माणसाला तिथं काही होत नाही, असं म्हणायचे. मात्र जो कोकरू घेऊन चढतो तो रिकाम्या हातानं उतरतो. कुणाचं हातातनं निसटलं, कुणाचं खांद्यावरनं नाहीसं झालं. मागं वळून बघावं तर काही नाही. आता ज्या एका कोकरासाठी जायचं तेच कोकरू खिंड मागणार, मग करायचं काय?

मायाप्पा म्हणाले, "सकाळी जाऊ. मी यितो संगं." आदल्या रात्री लांडगा कळपात घुसला होता, त्यांना मेंढरं सोडून हलता येत नव्हतं.

"सकाळपातूर ऱ्हाईल का ते?" धुरपानं विचारलं.

मायाप्पा उठले, कंदील पेटवला, आपलं घोंगडं तिच्या खांद्यावर टाकलं आणि भंडाऱ्याची पिशवी तिच्या कमरेला बांधली. गाठ दोनदा सोडून पुन्हा मारली, असं आत्ती सांगायची. 

निघाली धुरपा. एकटी. घोंगड्याच्या खोळीत कोकरू, कमरेला दुधाची बाटली, हातात कंदील. काळोख असा की कंदिलाच्या उजेडाबाहेर आपला पायसुद्धा दिसेना.

पायथ्याचं बोरीचं झाड ओलांडलं. चढ लागला. कोकरू ओरडलं. धुरपा खाली बसली, त्याला मांडीवर उताणं घेतलं आणि बाटलीचं बोंड तोंडात दिलं. तेवढ्यात मागनं घंटी वाजली. टिण. टिण. मेंढीच्या गळ्यातली. आणि मेंढी ओरडली. ऐका, मेंढका आपल्या मेंढीचा आवाज विसरत नाही. ती मोरी होती. जिला धुरपानं आपल्या हातानं पुरली ती मोरी.

धुरपा गर्रकन वळली. कुणी नाही. पुन्हा पुढं बघते तर बाटली आडवी. निम्मं दूध मातीत.

तिनं बाटली उचलली, कोकराला छातीशी धरलं आणि चालायला लागली. पळत नाही बरं का. पळालं की मागचं पळतं, एवढं तिला माहीत होतं. चालली. आणि चालता चालता कोकरू जड व्हायला लागलं. आधी शेळीएवढं जड, मग मेंढ्याएवढं, मग भरल्या पोत्याएवढं. हाताला कळ लागली, पाठ वाकली, गुडघे जमिनीला टेकायला आले. धुरपा म्हणते, सोडणार नाही. माझ्या आईचं आहे, सोडणार नाही. पण हाडामांसाचे हात किती धरतील? शेवटी कोकरू हातातनं घसरलं आणि खाली आलं. पण पडलं नाही. चारी पायांवर उभं राहिलं.

तेवढ्यात वरनं घंटी वाजली. टिण. टिण. आणि ते मरायला टेकलेलं कोकरू, डळमळत, ठेचकाळत, घंटीच्या मागं चढ चढायला लागलं.

धुरपा धावली, उचलायला गेली. उचलेचना. जणू जमिनीला चिकटलंय. हात काढला की चालायचं. मग काय करणार? त्याच्या पाठीवर हात ठेवून तीही चालायला लागली. बाजी, तू हसतोयस. अंधारातसुद्धा तुझे दात दिसतात मला. हस. उद्या तुलाच पुढं घालते.

थोडं पुढं गेल्यावर वाटेवर एक दगड लागला. चुना लावलेला, हद्दीचा. दगड मागं पडला. चढ चढली, वळण घेतलं, बघते तर समोर तोच दगड. परत चढली, परत वळली, परत तोच दगड. चकवा लागला. कितीदा फिरली कुणास ठाऊक. पाय सुजले, लुगड्याला काटे अडकले. कोकरू मात्र चालतंय. थांबलं की घंटी वाजते आणि ते चालतं.

मग मायाप्पांचा आवाज आला. मागनं. अगदी जवळनं. "धुरपे, थांब की. मी आलोय. कोकरू दे माझ्याकडं."

धुरपाच्या डोळ्यांत पाणी आलं. थांबावंसं वाटलं तिला. पण मायाप्पा तिला कधी धुरपे म्हणत नव्हते. नवीन लग्न होतं, हाक मारायची तर ते नावच घेत नव्हते, नुसता घसा खाकरायचे. ती बोलली नाही. वळली नाही. आवाज हसला. बाईसारखा हसला, आणि कंदील विझला.

आता मिट्ट काळोख. धुरपा वाटेतच बसली आणि चाचपून कोकराला कुशीत ओढलं. तिला एकच सुचत होतं, दूध. बाटली काढली. बोंड त्याच्या तोंडाशी नेलं, तर बाटलीवर दुसरा हात पडला. थंड. विहिरीतनं नुकत्याच काढलेल्या पाण्यासारखा थंड. धुरपा ओढते, तो हात ओढतो. ती ओढते, तो ओढतो. आणि बाटली गेली. दगडावर फुटल्याचा आवाज आला. खळ्‌.

धुरपा किंचाळली नाही. तिनं कमरेची पिशवी सोडली, मूठभर भंडारा घेतला आणि "बिरोबाच्या नावानं" म्हणत समोर उधळला.

आता भंडाऱ्यापुढं काय होतं? भूत असो, हडळ असो, मुंजा असो, भंडारा पडला की किंकाळी फोडतं आणि पळतं. लहानपणापासून आपण हेच ऐकलंय. धुरपा किंकाळीची वाट बघत राहिली.

किंकाळी आली नाही.

ढगातनं जरासं चांदणं सांडलं, तेवढ्या उजेडात तिला दिसली. समोर एक बाई बसली होती. अंगावर घोंगडं. कासोटा आपल्यासारखाच घातलेला. केसांतनं पाणी गळत होतं, पाऊस नसताना. तिनं जमिनीवर पडलेला भंडारा चिमटीनं उचलला, कपाळाला लावला आणि हात जोडले. नीट, मन लावून, आपण देवळात लावतो तसा.

ऐका, आत्ती म्हणायची, तोवर मी नुसती घाबरले होते. तिनं भंडारा कपाळाला लावला तेव्हा मात्र मी पिशवी खाली ठेवली. कारण त्याच्यापुढं माझ्याकडं काही नव्हतं. आणि ती आपल्यातलीच होती.

बाईनं हात पुढं केले. "दे."

धुरपानं मान हलवली. "न्हाई."

"दे म्हनते. मारतीयास तू त्याला."

धुरपा म्हणाली, "माझ्या आईचं हाय. येवढंच हाय. मला ने, पर ह्येला न्हाई द्यायची."

बाईनं ऐकून घेतलं. मग एका झटक्यात कोकरू तिच्या हातात होतं. धुरपाला कळलंच नाही कसं गेलं. ती झेपावली, तर हात हवेतनं गेले.

बाईनं कोकराला आपल्या गुडघ्यांमध्ये उभं धरलं. पुढचे पाय चढाकडं, दगडावर टेकवले. मान वर ताणली. डाव्या कुशीवर तळवा ठेवला आणि चोळायला लागली. खालनं वर. खालनं वर. तोंडानं काहीतरी गुणगुणत होती, कोकरं मोजतो ना आपण संध्याकाळी, तसं. कोकरू ओरडलं.  धुरपाला वाटलं, गेलं.

आणि कोकरानं ढेकर दिला.

हसा, हसा. खरंच ढेकर दिला. एक मोठा, आंबूस, फाटक्या पखवाजासारखा ढेकर. मग दुसरा. मागनंही वारा सरला. ती टम्म कूस हाताखाली बसली. कोकरानं अंग झटकलं आणि शेपूट हलवली. धुरपा त्या वासात बसून रडायला लागली. आत्ती सांगायची, अत्तरसुद्धा मला एवढं आवडलं नाही कधी.

बाईनं कोकराला छातीशी घेतलं. घोंगड्यात गुंडाळलं. त्याच्या काळ्या तोंडावर गाल टेकवला. आणि उठलीच नाही. हलेना, बोलेना. पूर्वेला उजाडायला लागलं तरी तशीच. तिचे हात घट्ट होत चालले. धुरपाला दिसत होतं ते. ही आता देणार नाही. वाचवलं, पण देणार नाही.

धुरपानं पदर पसरला. हडळीसमोर कुणी पदर पसरतं का? तिनं पसरला. "आक्का," ती म्हणाली, "तुज्यामुळं ह्यो जीव ऱ्हायला. तुजं उपकार मी जल्मात फेडू शकत न्हाई. ह्येच्या अंगाची पयली लोकर तुला घालीन, ह्येच्या कासंला यील ते पयलं दूध तुला घालीन. पर आता ह्येला माझ्या पदरात घाल."

बाईनं वर पाहिलं. डोळ्यांत काही दिसत नव्हतं, आत्ती म्हणायची, पण बघितलं एवढं खरं. मग तिनं एकेक बोट सोडवलं, स्वतःचंच, जणू दुसऱ्या कुणाचं असावं तसं, आणि कोकरू पदरात ठेवलं.

"जा," ती म्हणाली. "दिस उगवायच्या आत खिंड उतर. आन् पुन्यांदा कोकरू घिऊन ह्या वाटंला यिऊ नगंस. आज सोडलं. दरयेळी माझ्याच्यानं सोडवंल असं न्हाई."

धुरपा निघाली. मागं बघितलं नाही. पण मागनं गुणगुणणं येत होतं, कोकरं मोजतानाचं, आणि ते एका ठिकाणी येऊन अडत होतं. परत पहिल्यापासून सुरू व्हायचं, परत तिथंच अडायचं.

सूर्य वर आला तेव्हा ती नागू आबाच्या वाड्यावर पोचली. आबानं कोकराची कूस दाबून बघितली, तोंड उघडून बघितलं. म्हणाला, "ह्येला काय झालंय? बरं हाय की. रातभर दूध तोडलंस, चढावर चालवलंस, उभं धरून कूस चोळलीस. माझ्याकडं आली असतीस तर मी तरी आनि काय केलं असतं? कुनी शिकवलं गं तुला?"

धुरपानं सगळं सांगितलं. आबा ऐकत गेला आणि त्यानं डोक्यावरचा पटका काढून मांडीवर ठेवला.

"तुळसाक्का," तो म्हणाला. "माझ्या आज्यानं बघितली व्हती तिला. खिंडीत गारा झाल्या. तिनं वाड्यातली बारकी कोकरं घोंगड्याखाली घेतली आन् वर सोता पालथी पडली. सकाळी मानसं गेली तर समदी कोकरं जित्ती. ती तेवढी गेल्याली. मानसांनी काय केलं? तिच्या कुशीतनं कोकरं काढून घेतली आन् आपापल्या वाड्याला नेली. करनार तरी काय, कोकरं ती. पर एक तरी थोडा येळ ठिवायचं व्हतं तिच्यापाशी."

मग त्यानं धुरपाला बारीक भोकाचं बोंड दिलं आणि पाजायची रीत शिकवली. कोकरू उभं. मान वर. दूध कोमट, थोडं थोडं. ओरडलं तर आधी कूस बघायची, मग बाटली. मंजुळे, ऐकतीस ना? उभं कर त्याला. हां, असं. आता लाव बाटली. बघ कसं ओढतंय.

ते मोरीचं कोकरू जगलं. मोठं झालं, व्यालं. त्याच्या लेकी व्याल्या. पहिली लोकर धुरपानं या पायथ्याच्या बोरीखाली ठेवली, पहिलं दूध इथंच ओतलं, आणि मरेपर्यंत दरसाल हा नेम चुकवला नाही. वर मात्र गेली नाही. जाताना मला सांगून गेली, मी तो चालवतेय. आता बघा मागं. जी जी काळ्या तोंडाची मेंढरं बसलीत ना आपल्या कळपात, ती सगळी त्या एका कोकराची. तुमच्या अंगावर घोंगडं आहे ते त्यांचंच. तुळसाक्कानं ती बोटं सोडवली नसती तर आज आपण इथं उघडेच बसलो असतो.

आता बाजी, तू सकाळपासून माझ्यामागं लागलायस, की उद्या वाडा हलवताना खिंडीतनं जाऊ, दुपारच्या आत पोचू, वळशाला दिवस जातो. जातो तर जाऊ दे. आपल्यासोबत या साली केवढी कोकरं आहेत बघ. त्या वाटेनं जायचं नाही. मी असेपर्यंत नाही, आणि मी गेल्यावरही नाही. हडळीच्या भीतीनं म्हणत नाही मी. जिनं आपल्याला एवढं दिलं आणि जिच्या हातात काही राहिलं नाही, तिच्या दारावरनं भरल्या कुशीनं मिरवत जाऊ नये, म्हणून म्हणते.

झालं. मंजुळे, बाटलीत दूध उरलंय ना? सगळं पाजू नकोस त्याला. थोडं त्या बोरीखाली ओत आणि झोपा आता.